सदैव सज्ज, क्वचित उड्डीन

ऑरोरा, डेन्व्हर
११ जानेवारी २०१४

प्रिय लोर्ना,

बावीस वर्षे शालेय बालकांच्या मस्तकांत लॅटिन ओतण्याचा निष्फळ उद्योग केल्यानंतर तुझा धाकटा भाऊ वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी वैमानिक झाला, आणि आमच्या कंपनीने त्यास 'राखीव सहवैमानिक' या पदावर प्रतिष्ठित केले, हे तू जाणतेसच. या पदाचे माहात्म्य मात्र तुला अज्ञात असल्याने ते निवेदन करतो. फोनवर केले असते; परंतु पहाटे पाचपासून सायंकाळी सातपर्यंत माझा फोन कंपनीच्या स्वाधीन असतो. तू 'जेवलास का' विचारीत असताना ड्युटी ऑफिसच्या मार्लीनबाईंनी फोन केला आणि तो लागला नाही, तर केवढा अनर्थ ओढवेल याची तुला कल्पना नाही. म्हणून हे पत्र. शिवाय ते तू बाबांना वाचून दाखवू शकशील.

राखीव म्हणजे असा महापुरुष, ज्याच्यावाचूनही विमाने उडतात, परंतु ज्याच्या असण्यामुळे कंपनीला शांत झोप लागते. एखादा नियमित वैमानिक आजारी पडला, कुठे अडकला वा गाढ झोपून राहिला, की मार्लीनबाई मला आज्ञा करणार, आणि दोन तासांच्या आत मी गणवेशासह विमानतळावर प्रकट होणार. त्या दोन तासांच्या परिघाबाहेर पाऊल टाकणे मला निषिद्ध आहे. त्यामुळे माझे विश्व आता आठ मैल व्यासाचे आहे. त्यात एक किराणा दुकान, एक लाँड्री आणि एक दंतवैद्य आहे. दंतवैद्याकडे जाता येत नाही, कारण तोंडात यंत्र असताना 'होय, मार्लीन' हे शब्द स्पष्ट उमटत नाहीत.

निवासस्थान भव्य आहे. चार खोल्या, अकरा वैमानिक, दोन न्हाणीघरे. खाटा एकावर एक. फ्रिजमधील प्रत्येक अंड्यावर मालकाचे नाव लिहिलेले असते. माझ्या खालच्या खाटेवर रस्टी बोमन नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण आहे. तोही राखीवच; मात्र ज्येष्ठतेच्या यादीत माझ्याहून चार क्रमांक वर असल्याने तो मजकडे अनुभवी माणसाच्या करुणेने पाहतो. स्नान करताना मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून साबणाच्या जागी ठेवतो. रस्टी म्हणाला, "काका, फोन भिजला तर नवा येईल. तुम्ही घसरलात तर?"

उड्डाणे आसन्न आहेत. बाबांना सांग, की त्यांचा पुत्र सदैव सज्ज आहे.

तुझा इस्त्रीत दक्ष बंधू,
ओरिन

*

विलो फोर्ड, नेब्रास्का
१९ जानेवारी

ओरिन,

पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं. अवघड शब्द गाळले, त्यामुळे पाच मिनिटांत संपलं. बाबा म्हणाले, "आणि हा गेला कुठे कुठे?" मी पत्र पुन्हा चाळलं. त्यात किराणा दुकानापलीकडे तू कुठे गेल्याचं मला सापडलं नाही. मग मी आपलं सांगितलं, की इकडे-तिकडे जातो.

आता मुद्द्याचं. मंगळवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मधलं दिसणं जवळजवळ गेलंय, कडेचं उरलंय. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघतात, म्हणजे मग त्यांना माझा चेहरा थोडा दिसतो. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांचा आता उपयोग नाही. ईस्टरपर्यंत जे दिसेल ते दिसेल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला एकदा ओरिनच्या विमानात बसायचंय. खिडकीशी. खाली नदी असेल ना, ती कडेनं दिसेल मला."

दुसरं काही मागितलं नाही. तुला माहीत आहे, ते मागत नाहीत. आईच्या शेवटच्या आजारातही त्यांनी शेजाऱ्यांकडे गाडी मागितली नव्हती, ट्रॅक्टर काढला होता. चाळीस वर्षं शेतांवर औषध फवारत उडले, तुला सोळाव्या वर्षी स्वतः शिकवलं, आणि तुझ्या विमानात एकदाही बसले नाहीत.

इथून डेन्व्हरला सकाळी एक विमान जातं आणि दुपारी एक. तू कुठल्या तारखेला असशील ते कळव. मी तिकीट काढते. लांबलचक लिहू नकोस, फक्त तारीख लिही.

लोर्ना

*

ऑरोरा
२५ जानेवारी

प्रिय लोर्ना,

बाबांच्या नेत्रांविषयी वाचून अंतःकरण व्यथित झाले. विलो फोर्डची फेरी हा त्यांचा मनोदय सर्वथा उचित आहे. केवळ तारखेबाबत किंचित तांत्रिक अंतराय आहे.

आमच्या व्यवसायात सर्व काही ज्येष्ठतेने ठरते. जो आधी लागला, तो आधी निवडतो. नियमित वैमानिक महिन्याच्या आरंभी आपापल्या फेऱ्या निवडून घेतात. त्यांच्या ताटांतून जे सांडेल ते आम्हा राखीवांचे. विलो फोर्डची सकाळची फेरी तर परमदुर्लभ. ती करून माणूस दुपारी एकला घरी जेवायला असतो. गेली अकरा वर्षे ती एका गृहस्थांकडे आहे आणि त्यांच्या शेजारच्या आसनावर बसणारा सहवैमानिकही सहा वर्षे हललेला नाही. दोघेही व्यायाम करतात. माझे भवितव्य त्या मनुष्याच्या नाकावर अवलंबून आहे. त्याला पडसे झाले तर मी उडेन. मी त्याचे अशुभ चिंतीत नाही. सौम्यसे पडसे चिंतितो.

तथापि निराश होऊ नकोस. फेब्रुवारीत काहीतरी घडेल असा माझा कयास आहे. माझे इतर उड्डाण यथास्थित चालू आहे. यादीतील माझे स्थान अत्यंत विशिष्ट असल्याने मजकडे ऑफिसचे लक्ष असते.

गुरुवारी मी विमानतळावरच आठ तास तैनात होतो. अशी तैनाती राखीवास अधूनमधून लाभते. वैमानिकांच्या खोलीत आरामखुर्च्या आहेत, परंतु त्यांत बसल्यास गणवेशास चुण्या पडतात, म्हणून मी टर्मिनलमध्ये उभा राहिलो. खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या असलेला, ताठ उभा, स्थिर मनुष्य पाहून प्रवासी त्याच्याकडे आकृष्ट होतात. त्यांपैकी बहुतेकांना स्वच्छतागृह हवे असते. एका वृद्धेस मी स्वतः तेथवर पोहोचविले. ती म्हणाली, "तुमचं विमान सुटणार नाही ना?" मी म्हणालो, "मादाम, ते माझ्यावाचून केव्हाच सुटले आहे."

बाबांना प्रणाम.

ओरिन

*

विलो फोर्ड
३ फेब्रुवारी

ओरिन,

तारीख लिही म्हटलं होतं, तू पडशावर लिहिलंस.

इथे काय चाललंय ते ऐक. तुझं पत्र वाचल्यावर बाबा म्हणाले, "तारीख नक्की नसेल तर आपण रोज जाऊन बघू." मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी साडेनऊला कोट घालून, दाढी करून, छोटी बॅग घेऊन दारात उभे. शाळेच्या स्वयंपाकघरात माझी पाळी अकराला असते, म्हणून मी त्यांना सोडते. ते आपल्या विमानतळावरच्या एकुलत्या एका बाकावर बसतात. विमान उतरलं की काउंटरवरच्या नोरीनला विचारतात, "आज पुढे कोण आहे?" नोरीन आत जाऊन बघून येते आणि म्हणते, "आज तो नाही, मिस्टर हॅल्वर्सन." मग टपालगाडीवाला त्यांना घरी सोडतो.

हे पाच दिवस चाललंय. म्हणजे आता आपल्या घरात दोन राखीव झाले. फरक इतकाच, की ह्यांना पट्ट्या नाहीत.

धान्याच्या गोदामापाशी जुनी मंडळी बसतात ना, तिथे कुणीतरी म्हणालं, "एनार, तुझा पोरगा खरंच उडवतो का, की विमानात कॉफी देतो?" बाबा उठून घरी आले. रात्री जेवताना मला विचारलं, "लोर्ना, ओरिनच्या हातून काही चूक झालीय का? त्याला विमानाला हात लावू देत नाहीत का?"

मी काय सांगू? मला खरं कळव. मोठे शब्द वापरायचे तर वापर, पण खरं.

लोर्ना

*

ऑरोरा
९ फेब्रुवारी

लोर्ना,

खरे लिहितो.

मला येथे येऊन सत्तर दिवस झाले. त्यात मी एकोणीस तास उडलो. शेवटचे उड्डाण अठरा दिवसांपूर्वीचे. उरलेला काळ मी खाटेवर, टर्मिनलमध्ये आणि लाँड्रीत व्यतीत केला. चूक काहीही झालेली नाही. चूक करण्यासाठी विमानात असावे लागते.

यादीतील माझे 'विशिष्ट स्थान' म्हणजे चारशे बारावे. यादीत एकूण चारशे बारा जण आहेत. माझ्या नंतर कंपनीने कोणालाही घेतलेले नाही. मजहून तेवीस वर्षांनी लहान असलेला रस्टी माझा ज्येष्ठ आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक, ज्याला मी दोनदा लॅटिनमध्ये नापास केले, तो आमच्याच कंपनीत कॅप्टन आहे. तो मला अजून 'सर' म्हणतो. हे सर्वांत क्लेशकारक आहे.

हे तुम्हाला का लिहिले नाही, याचे उत्तर मजपाशी आहे, परंतु ते मला शोभत नाही. सुस्थित नोकरी सोडून मी या वयात आकाशाकडे निघालो तेव्हा सर्व गावात एकच मनुष्य मला मूर्ख म्हणाला नव्हता. तो आता रोज बाकावर बसतो आहे.

काल मी प्रथमच मार्लीनबाईंकडे याचना केली. म्हणालो, "विलो फोर्डची फेरी कधी रिकामी झाली, तर मला द्याल का?" त्या म्हणाल्या, "हॅल्वर्सन, सतरा वर्षं मी हे काम करतेय. राखीव माणसं मला फोन करतात, ते 'मला नको, दुसऱ्याला द्या' असं सांगायला. मला द्या म्हणणारे तुम्ही पहिले." मग बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "लिहून ठेवते."

मधल्या काळासाठी एक प्रस्ताव आहे. एक आणि दोन मार्चला मला सुट्टी आहे. मी घरी येतो आणि विलो फोर्डहून डेन्व्हरपर्यंत बाबांच्या शेजारच्या आसनावर बसून प्रवास करतो. नदी दाखवतो.

ओरिन

*

विलो फोर्ड
१६ फेब्रुवारी

ओरिन,

सगळं वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. बाबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "एकोणीस तास म्हणजे एकोणीस तास. पहिल्या वर्षी मलाही वारा पडण्याची वाट बघत बसावं लागायचं, शेतकरी ओरडायचे." नंतर तुझ्या नापास कॅप्टनवर खूप हसले.

शेजारी बसायचं मात्र नको म्हणाले. "प्रवासी तर मीही आहे. दोन प्रवाशांनी एकमेकांच्या शेजारी बसून काय करायचं?"

परवा कॉफी कपात ओतली, ती अर्धी टेबलावर गेली. कप दिसत होता म्हणाले, कपाचं तोंड दिसत नव्हतं.

बाकावर जाणं चालू आहे.

लोर्ना

*

ऑरोरा
१ मार्च

लोर्ना,

हे पत्र सुट्टीच्या दिवशी, खाटेवर पडून, आत्मधिक्काराच्या सर्वोच्च शिखरावरून लिहीत आहे.

राखीवांच्या शास्त्रात एकच नियम प्रत्येक नवागतास पहिल्याच दिवशी पढविला जातो : सुट्टीच्या दिवशी फोन वाजला तर तो वाजू द्यावा. उचलणे बंधनकारक नाही. मात्र उचलला की तुम्ही सापडलात. रस्टी तर सुट्टीत फोन मोज्यात घालून, मोजा बुटात घालून, बूट कपाटात ठेवतो.

बुधवारी मला सुट्टी होती. दुपारी फोन वाजला. रस्टी ओरडला, "काका, नको." परंतु तीन महिने ज्या नादाच्या प्रतीक्षेत मी कर्ण ताठ करून बसलो आहे, तो नाद ऐकून न उचलणे हे माझ्या सामर्थ्यापलीकडचे होते. मी उचलला. एक रिकामे विमान दुरुस्तीसाठी टक्सनला न्यायचे होते. प्रवासी नाहीत, सामान नाही. मी 'होय' म्हणालो. 'होय, अवश्य' म्हणालो. परतलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती, आणि मी तृप्त होतो.

सकाळी सव्वासहाला मार्लीनबाईंचा फोन. "हॅल्वर्सन, विलो फोर्डचा सहवैमानिक तापानं पडलाय. तुमचं नाव लिहिलेलं आहे माझ्याकडे. निघा." मग टंकलेखनाचा आवाज, आणि मग त्या थांबल्या. "थांबा. काल तुम्ही टक्सनला गेला होतात? कोणी सांगितलं होतं जायला? तुमची सुट्टी होती ना?" उड्डाणानंतर दहा तासांची सलग विश्रांती हा कायदा आहे. माझे झाले होते सहा. त्यांनी फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

फेरी रस्टीला मिळाली. त्याने जाताना माझ्या खाटेवर थाप मारली.

बाबा त्या दिवशी बाकावर होते का, हे मला कळवू नकोस. किंवा कळव.

ओरिन

*

विलो फोर्ड
५ मार्च

ओरिन,

होते.

तुझा रस्टी विमानातून उतरून थेट बाकापाशी आला. म्हणाला, "तुम्ही काकांचे वडील ना? ते यायचे होते, पण ते फोन उचलतात." मग त्याने बाबांना टक्सनची सगळी गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, "हे त्याचं लहानपणापासून आहे. हाक मारली की धावतो, कुणी मारली ते बघत नाही." दोघं वीस मिनिटं बोलत होते. विमान जायच्या वेळी नोरीनला त्याला हाक मारावी लागली. त्याने आग्रह केला, चला माझ्याबरोबर, जागा आहेत. बाबा नाही गेले.

पण त्याने त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली, जी तू तीन महिन्यांत आम्हाला सांगितली नाहीस. तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना जागा उरली तर फुकट बसता येतं, कुठल्याही विमानात, आधी तारीख न ठरवता.

बाबा घरी आले आणि बॅग पुन्हा भरली, या वेळी मोठी. म्हणाले, "मी चुकीच्या टोकाला बसलो होतो. तो जिथून उडतो तिथे जाऊन बसतो. त्याला बोलावलं की मीही निघेन. कुठेही का जाईना." मी म्हटलं, "अहो बाबा, तुम्ही शहाऐंशी वर्षांचे, त्या अकरा बाप्यांच्या घरात कुठे राहणार?" म्हणाले, "रस्टी मला त्याची खाट देतोय."

रविवारी पाठवते. त्यांच्याबरोबर लेफ्साच्या चाळीस पोळ्या देतेय, बटाट्याच्याच, आईच्या पद्धतीच्या. डोळ्यांचे थेंब सकाळी आणि रात्री. त्यांना जिन्यात धरू नकोस, रागावतात. पुढे चाल.

लोर्ना

*

ऑरोरा
१४ मार्च

प्रिय लोर्ना,

पूज्य पिताश्री सुखरूप आहेत, आणि घर माझे राहिलेले नाही.

पाच दिवसांत त्यांनी येथे जी प्रतिष्ठा संपादन केली, ती मला तीन महिन्यांत अंड्यावर नाव लिहूनही साधली नाही. पहाटे पाचला ते दाढी करून, कोट घालून, बॅग पायाशी ठेवून स्वयंपाकघरात बसतात. प्रत्येक राखीव जाता-येता विचारतो, "काय एनार, काही फोन?" ते म्हणतात, "अजून नाही. वारा आहे." लेफ्सा तिसऱ्या दिवशी संपल्या. रस्टी कोचावर झोपतो आणि मान अवघडल्याची तक्रार माझ्याकडे करतो, त्यांच्याकडे नाही.

मी मात्र त्यांच्यासमोर बसून राहण्याचे काम करीत आहे. सत्तर दिवस ही लज्जा एकांतात होती. आता तिला प्रेक्षक आहे. सोमवारी फोन नाही. मंगळवारी फोन नाही. बुधवारी वाजला, आम्ही दोघेही उभे राहिलो, बाबांनी बॅग उचलली. मार्लीनबाईंना माझा गणवेशाचा माप-क्रमांक हवा होता. काल दुपारी मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला इथं बोलावून मी तुमचा वेळ फुकट घालवतोय." ते माझ्या खांद्याकडे पाहत म्हणाले, "तू कुठे बोलावलंस? मी आलो." आणि मग, "घरी तरी मी दुसरं काय करणार होतो, ओरिन? तेच काळोख व्हायची वाट बघणं. इथे निदान सोबत आहे."

यावर मी उठून त्यांच्या कपात कॉफी ओतली.

माझी ही पाळी शनिवारी संपते. त्यानंतर चार दिवस सुट्टी, आणि बाबांना तू सोमवारी परत बोलावले आहेस. म्हणजे दोन दिवस उरले.

ओरिन

*

ऑरोरा
१८ मार्च

प्रिय लोर्ना,

बाबा काल तुझ्याकडे पोहोचले असतील. त्यांनी तुला काय सांगितले असेल याची मला धास्ती आहे, म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो.

शनिवारी सकाळी साडेदहाला फोन आला. लॅरामीला जायचे आणि परत यायचे. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. या कंपनीत यापेक्षा क्षुद्र उड्डाण नाही. रस्टीने आम्हा दोघांना आपल्या गाडीत घातले. वाटेत बाबांनी कोटाची वरची गुंडी लावली आणि काढली, असे चार वेळा केले.

ते गेटवर प्रतीक्षायादीत राहिले, मी आत गेलो. कॅप्टन होत्या ग्रेटा सोलिस, पन्नाशीच्या, मितभाषी. लॅरामीत हिमवृष्टी होती. तेथे उतरता न आल्यास दूर ग्रँड जंक्शनला वळावे लागणार, म्हणून अधिकचे इंधन भरले होते; आणि इंधन अधिक म्हणजे माणसे कमी. वजनाचा हिशेब सहवैमानिकाने करावयाचा असतो. मी केला. एकच आसन रिकामे होते आणि ते रिकामेच ठेवावे लागणार होते. आणखी एक मनुष्य घेतल्यास चाळीस पौंड जास्त होत होते.

बाबांचे वजन एकशे अडतीस आहे. परंतु नियमाच्या दृष्टीने हिवाळ्यात प्रत्येक मनुष्य एकशे पंच्याण्णव पौंडांचा असतो, मग तो कोणाचाही बाप असो. मी हिशेब पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. आयुष्यात प्रथमच मला अंकगणितात चुकण्याची तीव्र इच्छा झाली, आणि लोर्ना, मी चुकलो नाही.

मी गेटला 'आणखी कोणी नको' असे कळविण्यासाठी हात पुढे केला. कॅप्टन सोलिस म्हणाल्या, "ओरिन, तेच गणित तीनदा केलंस. चौथ्यांदा उत्तर बदलणार आहे का?"

"नाही."

"मग तोंड असं का झालंय?"

"गेटवर माझे वडील आहेत. त्यांची नजर जातेय. त्यांना एकदा माझ्या विमानात बसायचं होतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हे तू मला कधी सांगणार होतास? उतरल्यावर?"

"नियमात बसत नाही, कॅप्टन."

"नियम मोडायला कोण सांगतंय? शायानचं ताजं हवामान माग."

लॅरामीजवळचे शायान सकाळी धुक्यात बुडालेले होते. दहा मिनिटांपूर्वीच्या नोंदीनुसार ते स्वच्छ झाले होते. वळण्यासाठी दूरच्या ऐवजी जवळचा विमानतळ चालत असेल, तर तितके इंधन लागत नाही. त्यांनी ऑफिसला विचारले, ऑफिसने मान्यता दिली, इंधनाची गाडी आली आणि काही काढून घेऊन गेली. मी चौथ्यांदा हिशेब केला. पस्तीस पौंड उरले. गेटला कळविले. केवळ विचारावयाचे होते. हे मी तीन महिन्यांत कोणासही विचारले नव्हते. बोलावण्याची वाट पाहण्यातच मी माझे सर्व पांडित्य खर्च केले.

बाबांना नऊ क्रमांकाची खिडकी मिळाली. आणि आता जे घडले ते ऐक. धावपट्टी सोडल्यापासून चाळिसाव्या सेकंदाला आम्ही ढगात शिरलो आणि लॅरामीच्या धावपट्टीवरच बाहेर आलो. परतताना तेच. नदी नाही, टेकडी नाही, एक कुंपणसुद्धा नाही. खिडकीबाहेर केवळ पिठासारखा पांढरा रंग.

जाताना विमान कॅप्टन सोलिस यांनी उडविले आणि इतके अलगद उतरविले की चाके टेकल्याचे मला यंत्रावरून कळले. परतताना माझी पाळी होती. डेन्व्हरला आडवा वारा होता, आणि मी नाक उचलण्यास विलंब केला. विमान जे आदळले, त्याचे वर्णन मी करणार नाही. डोक्यावरचे एक कपाट उघडले. मागे एक बालक रडू लागले. कॅप्टन सोलिस म्हणाल्या, "पोचलो म्हणायचं." मी दारापाशी उभा राहून प्रवाशांना निरोप दिला, त्यांतील बहुतेकांनी माझ्या बुटांकडे पाहिले.

बाबा सर्वांत शेवटी आले. काहीही बोलले नाहीत. माझा दंड धरला, आणि ते कोणास दंड धरू देत नाहीत हे तू जाणतेस, आणि टर्मिनलभर तसेच चालले. गाडीतही काही नाही. रात्री लवकर झोपले. सोमवारी निघताना फक्त "थेंब घेतलेत" एवढे म्हणाले.

त्यांनी दोन महिने वाट पाहिली, आणि मी त्यांना पांढरा ढग दाखवून जमिनीवर आपटले. त्यांना काय वाटले असेल, हे तूच हलक्या हाताने विचारून पाहा.

तुझा भूमिस्थ बंधू,
ओरिन

*

विलो फोर्ड
२२ मार्च

ओरिन,

विचारायची गरजच पडली नाही. गेले पाच दिवस ते दुसरं काही बोलतच नाहीयेत. गोदामापाशी तर लोकांना पाठ झालंय.

ढगाचं त्यांना काही वाटलं नाही. उलट खूशच होते. म्हणाले, "शेजारची बाई सारखी खिडकीतून बघत होती आणि म्हणत होती, काहीच दिसत नाही, काहीच दिसत नाही. मी म्हटलं, बसा निवांत, सवय होते."

आता ते उतरण्याचं. त्यांचेच शब्द लिहिते.

"लॅरामीला उतरलं ते कळलंच नाही. लोणी. माझा जीवच गेला. म्हटलं, हा ओरिन नव्हे. म्हणजे लोक म्हणतात तेच खरं, ह्याला नुसतं बसवून ठेवतात, हात लावू देत नाहीत. परत येताना मी डोळे मिटून बसलो. मग खाली आलो, आडवा वारा लागत होता, अंगाला कळत होता, आणि मी मनात म्हटलं, आता उचल, उचल, आणि नाही उचललं. धाडकन. त्याच क्षणी. सोळा वर्षांचा असताना आपल्या गवताच्या पट्टीवर जिथे चुकायचा, तिथेच."

बाईनं घाबरून त्यांचा हात धरला होता म्हणे. विचारलं, "आजोबा, तुम्ही ठीक आहात ना? तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय."

तुला ते का बोलले नाहीत, तर म्हणाले, बोललो असतो तर तिथेच सगळ्यांसमोर रडलो असतो, आणि तो गणवेशात होता.

पण त्या बाईला उत्तर दिलं त्यांनी. म्हणाले, "काही झालं नाही हो. मुलाला ओळखलं."

लोर्ना